बारा वर्षांचा मुलगा सातवीत, बारा वर्षांचा वाघ म्हातारा: काल्पनिक मार्जारप्रजातीचं वय कसं बेतायचं

बारा वर्षांचा मुलगा सातवीत असतो. जंगलातला बारा वर्षांचा वाघ मात्र बहुधा सुळे झिजलेला, हद्द गमावून बसलेला म्हातारा असतो. कादंबरीसाठी, चित्रकथेसाठी किंवा खेळासाठी वाघ-सिंहांसारखी बोलती-चालती प्रजात कल्पायला घेतली, की या दोन बारांचा मेळ पहिल्याच प्रकरणात घालावा लागतो. नायक ‘पाच वर्षांचा’ म्हटला तर वाचकाला बालवाडीतलं पोर दिसतं. ‘वीस वर्षांचा’ म्हटला तर जंगलात फिरलेला वाचक हसतो.

मग बहुतेक जण गुणाकार करून मोकळे होतात. वाघ जगतो पंधरा, माणूस पंचाहत्तर, म्हणजे पाचने गुणा. दहा वर्षांचा वाघ पन्नाशीचा ठरतो, चार वर्षांची वाघीण विशीची, इथवर ठीक. पण दोन वर्षांचा वाघ दहाचा ठरतो आणि तिथे गणित फसतं. दोन वर्षांचा वाघ आईला सोडून स्वतःच्या शिकारीवर जगायला निघालेला असतो. दहा वर्षांचं मूल रस्ता ओलांडताना अजून कुणाचा तरी हात धरतं.

दुसरं सूत्र घरच्या मांजराचं. पशुवैद्यक ते सर्रास वापरतात: पहिलं वर्ष म्हणजे माणसाची १५, दुसरं पूर्ण झालं की २४, आणि पुढे दर वर्षाला ४. हे वाघाला लावलं तर शेवट छान जुळतो. दहा वर्षांचा वाघ ५६ चा, पंधराचा ७६ चा, आणि पिंजऱ्यात विशी गाठलेला ९६ चा. सुरुवात मात्र उलट्या बाजूने चुकते. एक वर्षाचं मांजर स्वतः आई होऊ शकतं. एक वर्षाचा वाघाचा बछडा आईने मारलेल्या सांबरावर जगत असतो. त्याला पंधराचा म्हणणं म्हणजे दहावीच्या पोराला भरवणं झालं.

एक सूत्र बालपण ताणतं, दुसरं आवळतं. दोन्हींची चूक एकच: वर्षांना वर्षं जोडायची नसतात, टप्प्याला टप्पा जोडायचा असतो. दूध कधी तुटतं, दात कधी बदलतात, आई कधी सुटते, पहिलं वेत कधी होतं, हद्द कधी जाते, एवढं मांडलं की वय आपोआप बसतं.

आधी खरा वाघ

वाघीण साधारण १०५ दिवसांत विते. एका वेताला बहुधा दोन-तीन बछडे, प्रत्येकी किलोच्या आसपास. सव्वाशे किलोच्या आईच्या मानाने हे वजन एक टक्कासुद्धा नाही. माणसाचं तीन किलोचं बाळ आईच्या पाच टक्क्यांहून जास्त भरतं. दबा धरून शिकार करणाऱ्या बाईला जड पोट परवडत नाही, म्हणून पिल्लू अर्धकच्चं बाहेर येतं आणि उरलेली वाढ गुहेत, दुधावर होते. डोळे सहा ते चौदा दिवसांत उघडतात. ते तेव्हा निळसर असतात, पुढे पिवळे होतात. दोन महिन्यांपर्यंत बछडा गुहेच्या आसपास असतो, मग आईमागून शिकारीवर खायला जातो. पाच-सहा महिन्यांत दूध तुटतं.

वर्षाच्या आगेमागे दुधाचे सुळे जाऊन कायमचे येतात. निसर्गाने इथे मोठी शहाणी सोय केली आहे. नवा सुळा जुन्याच्या शेजारून वर येतो आणि काही काळ दोन्ही जबड्यात असतात, त्यामुळे बछडा बिनसुळ्याचा असा एक दिवसही राहत नाही. माणसाच्या सहा-सात वर्षांच्या पोराच्या दातांत पडते तशी खिडकी वाघाच्या तोंडात नसते.

दीड वर्षाचा नर आईच्या तोडीचा दिसतो, पण त्याला शिकारीची मान नीट धरता येत नाही. शिकार निसटते किंवा फार वेळ झगडते. दीड ते दोन वर्षांत आई सुटते. वाघीण तीन-चार वर्षांत पहिल्यांदा विते, नराला हद्द मिळायला चार-पाच वर्षं लागतात. आई सुटल्यापासून हद्द मिळेपर्यंतची मधली वर्षं म्हणजे भटकंती. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला ‘वॉकर’ नावाचा वाघ २०१९ मध्ये बाहेर पडला तेव्हा अडीच-तीन वर्षांचाच होता. रेडिओ कॉलरच्या नोंदींप्रमाणे सुमारे ३,००० किलोमीटर चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गाव सोडून पुण्या-मुंबईत खोली शोधणाऱ्या पोराचं हेच वय.

आता टप्पे जुळवू. दोन महिन्यांचा बछडा म्हणजे सव्वा-दीड वर्षाचं मूल: चालतंय, घन खायला लागलंय. सहा महिन्यांचा म्हणजे तीन वर्षांचं. सव्वा वर्षाचा, सुळे बदललेला, म्हणजे बारा वर्षांचा. दोन वर्षांचा म्हणजे सोळा-सतराचा. चार वर्षांची वाघीण विशी-बाविशीची. दहाचा वाघ पंचावन्नचा. रणथंबोरची ‘मछली’ नावाची वाघीण २०१६ मध्ये गेली तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची होती, म्हणजे नव्वदी पार. पण शेवटची काही वर्षं वनखातं तिला आयतं भक्ष्य पुरवत होतं, हे धरूनच तो आकडा वाचायचा.

हरवलेली नऊ वर्षं

वरच्या जुळणीत एक भगदाड आहे. वाघाचा सहावा महिना ते सव्वा वर्ष, एवढ्या आठ-नऊ महिन्यांत माणसाची तीन ते बारा ही सगळी वर्षं कोंबावी लागली. शाळा, भांडणं, गोष्टी, अंधाराची भीती, खोटं बोलायला शिकणं, सगळं त्यातच. खरं तर वाघाला हे वय नाहीच. तो बाळ असतो आणि मग थेट अर्धवट तरुण होतो.

माणसाला ते वय का आहे, तर मेंदूमुळे. वाघाचा मेंदू पाव किलोच्या आसपास, आपला सव्वा किलोच्या वर. सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या नव्वद टक्के झालेला असतो, पण अंगाने ते पोर वीस किलोचं. चार-पाच वर्षांच्या वयात, निजलेल्या शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी जवळपास दोन-तृतीयांश एकटा मेंदू खातो. नेमकी तेव्हाच अंगाची वाढ सर्वांत मंद असते. एकाच ताटातून दोघांना वाढायचं, म्हणून आधी डोकं आणि मग अंग.

तेव्हा तुमची प्रजात बोलत असेल, शपथा घेत असेल, वंशावळ पाठ म्हणत असेल, तर तिला हे मधलं बालपण द्यावंच लागतं. ते कुठे घुसवायचं, एवढाच प्रश्न उरतो. इथे एक प्रजात कल्पून दाखवतो. नाव ‘कातळवाघ’. टोळीने राहणारे, बोलणारे, मादी ९० किलोची, नर १३० चा, साधारण आयुष्य ६० वर्षं.

चारने गुणलं तर काय मोडतं

वाघाचे १५ ते कातळवाघाचे ६०, म्हणून सगळं चारने गुणून पाहा. गाभणकाळ ४२० दिवस. डोळे उघडायला चाळीस दिवस. दूध दोन वर्षं. आठ वर्षांनी आई सुटते. कागदावर शिस्तशीर दिसतं.

आता आईचं जेवणाचं गणित मांडा. एकटा वाघ वर्षाला चितळाएवढी पन्नास एक जनावरं मारतो. बछडेवाल्या वाघिणीला साठ-सत्तर लागतात. तिला हे जमतं, कारण मोठ्या अंगाची पण न कमावणारी पोरं ती जेमतेम वर्षभर सांभाळते. चारने गुणलेल्या कातळवाघिणीची पोरं चौथ्या वर्षीच अर्ध्याहून जास्त वजनाची होतात आणि पुढची चार वर्षं आयतं खातात. तीन पोरं धरली तर चार वर्षं तीन पहिलवान पोसायचे. शिवाय चौदा महिन्यांचं गाभणपण घेऊन कड्यावरून झेप घ्यायची. पहिल्याच दुष्काळात घराणं संपेल.

उपाय असा, की सगळं सारखं ताणायचंच नाही. सुरुवात वाघासारखी वेगवान ठेवायची, मधे वाढ थोपवायची, मग झपाट्याने सोडायची. कातळवाघाला गाभणकाळ १५० दिवस, वेताला एक किंवा दोन पिल्लं, वजन सव्वा किलो. डोळे दहाव्या दिवशी. तीन महिने गुहेत. वर्षाने दूध तुटतं, तेव्हा पिल्लू बारा किलोचं. इथून आठव्या वर्षापर्यंत ते जेमतेम पस्तीस किलोवर येतं, म्हणजे वर्षाला तीन-सव्वातीन किलो. ही सात वर्षं म्हणजेच भगदाडात भरलेलं बालपण. अंग लहान असल्याने खाणंही कमी, आणि आई एकटी नसून टोळी सांभाळते. आठव्या वर्षी सुळे बदलतात. नऊ ते तेरा वाढीचा जोर, वर्षाला दहा-दहा किलो. बाराव्या वर्षापासून मोठ्यांसोबत शिकार, पण मान धरायचं काम दुसऱ्याचं. मादीचं पहिलं वेत सतराव्या वर्षी.

पिल्लाचं वजन दर वर्षी किती, हा एकच तक्ता आधी करा. बाकीचं त्यातून निघतं: कोण कुणाला उचलू शकतं, तोंडात धरून नेऊ शकतं, कुणाचा पंजा लागला तर हरीण पडतं. मानेला धरून पिल्लू उचलण्याचे प्रसंग हमखास चुकतात. वाघीण आठ-दहा किलोपर्यंतचं पिल्लू उचलेल, पस्तीस किलोचं नाही.

नर आणि मादी एकाच चालीने वाढवू नका, ही आणखी एक नेहमीची चूक. मोठ्या मार्जारांत नर उशिरा तयार होतो आणि लवकर संपतो. सिंहाला आयाळ वर्षाच्या आसपास फुटायला लागते, पण भरगच्च व्हायला चार-पाच वर्षं जातात. कळपाबाहेर मात्र त्याला दोन-तीन वर्षांचा असतानाच काढलेलं असतं. नेपाळमधल्या चितवनच्या अभ्यासात वाघिणीचा प्रजननाचा काळ सरासरी ६.१ वर्षं निघाला, नराचा फक्त २.८. हद्द हातात असते तेवढाच नराचा काळ. कातळवाघांत हे जसंच्या तसं आणलं तर नर वीस-बाविसाव्या वर्षी उभा राहतो आणि पस्तिशीत हद्दपार होतो. मग पुढची पंचवीस वर्षं तो काय करतो? खऱ्या वाघापुढे हा प्रश्न फारसा येत नाही, कारण तो तेवढं जगतच नाही. तुमच्या नराला मात्र उत्तर लागेल: राखण, शिकवणी, भगतपण, काहीतरी.

दात हेच खरं पंचांग

वाघाचं वय जन्मतारखेने कमी आणि सुळ्यांनी जास्त ठरतं. १९०७ मध्ये मारली गेलेली चंपावतची वाघीण चारशेहून अधिक माणसांच्या मृत्यूला कारण मानली जाते. तिचे उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा, दोन्ही सुळे तुटलेले होते. तोंडात असं काही झालं की ऐन वयातलं जनावरही म्हाताऱ्यासारखं वागतं: सोपी, हळू, कातडीने पातळ शिकार शोधतं.

म्हणून साठ वर्षं जगणाऱ्या शिकाऱ्याला सुळ्यांचा एकच जोड पुरणार नाही. खऱ्या वाघाचे दहा-बारा वर्षांतच पिवळे पडून बोथट होतात. पर्याय मोजकेच. हत्तीसारखं करा, ज्याला जन्मभरात दाढांचे सहा संच येतात. किंवा मगरीसारखे दात पडत-उगवत ठेवा, पण मग ‘तुटलेला सुळा’ ही कथेतली मोठी जखम उरत नाही. किंवा तरुणांनी फाडून द्यायचं आणि म्हाताऱ्यांनी गिळायचं. तिसरा मार्ग कथेला सर्वांत चांगला, कारण त्यात म्हातारपण म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणं होतं.

खड्गदंती, म्हणजे तलवारीसारखे लांब सुळे असलेली प्रजात हवी असेल तर आणखी जपून. हिमयुगातल्या स्मायलोडॉन या खड्गदंती मार्जाराचा वरचा सुळा महिन्याला सुमारे सहा मिलिमीटर वाढत असे, आजच्या आफ्रिकी सिंहाच्या दुप्पट वेगाने, आणि तरी तो पूर्ण यायला तीन एक वर्षं लागत. बराच काळ दुधाचा सुळा नव्याला चिकटून उभा असे. लांब, पातळ नवा दात आडव्या झटक्याने मोडू नये म्हणून तो टेकूचं काम करत असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणजे खड्गदंती पोरगं जवळजवळ पूर्ण अंगाचं झालं तरी त्याचं हत्यार तयार नसतं. तेवढा काळ त्याला कुणीतरी पोसायला हवं. तुमची खड्गदंती प्रजात एकांडी असेल आणि पोरं दीड वर्षात घर सोडत असतील, तर यांतलं एक काहीतरी बदला.

म्हातारपण दाखवताना लेखक सगळ्यांना पांढरे केस लावतात. मोठ्या मार्जारांचं वय खरं तर नाकावर दिसतं, निदान सिंहाचं तरी. पिल्लाचं नाक गुलाबी, मग त्यावर काळे ठिपके, मग ठिपके पसरत जातात. टांझानियातल्या सिंहांवर २००४ मध्ये झालेल्या अभ्यासात नाक निम्म्याहून काळं झालेला नर साधारण पाच-सहा वर्षांच्या पुढचा असतो असं दिसलं, आणि शिकारीला परवानगी द्यायची तर वयाची ही खूण वापरा असं सुचवलं गेलं. कातळवाघांच्या टोळीत ‘काळ्या नाकाची’ हा मानाचा शब्द सहज होऊ शकतो. बाकी खुणा: खाली लोंबणारं पोट, चढताना मागचे पाय आखडणं, वारंवार पाणवठ्यावर जाणं (म्हाताऱ्या मार्जारांची मूत्रपिंडं लवकर दमतात). सोन्याचं कडं दाखवून वाटसरूला बोलावणारा, नखं-दात गळालेला म्हातारा वाघ सगळ्यांनी लहानपणी ऐकलेला आहे. दातांचं बरोबर, नखांचं नाही. मार्जारांच्या नखाचं वरचं टरफल जन्मभर निघतं आणि आतून नवं येतं. म्हातारपणी ते नीट निघत नाही, म्हणून नख गळण्याऐवजी जाड आणि वाकडं होतं.

आजीचा प्रश्न मोठा आहे. माणसाच्या बाईची पाळी पन्नाशीच्या आसपास जाते आणि पुढे ती वीस-तीस वर्षं जगते. सिंहिणीचं प्रजनन चौदाव्या वर्षाच्या सुमारास झपाट्याने उतरतं, ती त्यानंतर दोन-चार वर्षं जगू शकते. पण १९९८ च्या एका अभ्यासात सिंहिणींच्या बाबतीत आजी असल्याने नातवंडं जास्त जगतात असं काही आढळलं नाही. शेवटचं वेत वाढवण्यापुरतं जगली की झालं, एवढाच निष्कर्ष. तेव्हा कळपाला शहाणपण सांगणारी आजी हवी असेल तर ती सिंहाकडून आयती मिळत नाही. तिला तुम्हीच काम द्यायचं: ओढ्याची जुनी वाट तिलाच माहीत, किंवा दूध तुटलेली पोरं तीच सांभाळते. काम दिलं की तिचं आयुष्य लांबणं पटतं.

डोकी मोजा

प्रजात जमली असं वाटलं की एकदा पाटी-पेन्सिल घ्या. कातळवाघीण सतराव्या वर्षापासून अडतिसाव्यापर्यंत विते आणि दोन वेतांत चार वर्षांचं अंतर आहे असं धरा: १७, २१, २५, २९, ३३, ३७, म्हणजे सहा वेतं. वेताला सरासरी दीड पिल्लू, म्हणून नऊ. वाघांत साधारण निम्मी पिल्लं मोठी होत नाहीत. तेच इथे लावलं तर साडेचार उरतात. आई-बापाच्या जागी दोन पुरेत. म्हणजे एका पिढीत, पंचवीस-सत्तावीस वर्षांत, टोळी सव्वादोन पट. शंभराचे सव्वादोनशे, दुसऱ्या पिढीत पाचशे.

एका वाघामागे जंगलात पाचशेच्या आसपास खुरवाली जनावरं लागतात, कारण दर वर्षी त्यांतला दहावा हिस्साच तो उचलू शकतो. कातळवाघ तेवढंच खातात असं धरलं तर शंभर जणांना पन्नास हजार चितळं, पाचशेंना अडीच लाख. एवढी तुमच्या नकाशावर आहेत का? नसतील तर अंतर सहा वर्षांचं करा आणि वेताला एकच पिल्लू: १७, २३, २९, ३५. चार पिल्लं, दोन जगतात, टोळी जागच्या जागी. आता मात्र एका चकमकीत दहा तरुण माद्या मेल्या तर ती भरपाई व्हायला पिढ्या जातील, आणि हे तुमच्या पात्रांनाही ठाऊक असलं पाहिजे. ज्या प्रजातीत पिल्लू म्हणजे आईच्या जन्माच्या कमाईचा चौथा हिस्सा, ती प्रजात उगाच युद्धं पुकारत नाही.

हे सगळं बेतून झाल्यावर आकडे वहीतच ठेवा. ‘तो आठ वर्षांचा, म्हणजे माणसाच्या अकरा’ असं वाक्य गोष्टीत आलं की गोष्ट थांबते. त्याच्या जबड्यात जुना आणि नवा सुळा शेजारी शेजारी आहेत, नाक अजून सगळं गुलाबी आहे, आणि शिकारीवर त्याला मागच्या पायांपाशी उभं केलंय, एवढं पुरतं. वय मोजायचंच असेल तर पावसाळ्यांनी मोजा. मोठ्यांनी धाकट्यांना ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत’ हे ऐकवायची आपल्याकडे सोय आहेच. ‘दुधाचे दात पडले नाहीत अजून’ हेही या प्रजातीत शब्दशः चालतं. फक्त ‘नुकतंच मिसरूड फुटलेला बछडा’ लिहू नका. मिशा घेऊनच तो जन्माला येतो.